खारातली काकडी: शेपू घालून, तेल-व्हिनेगरशिवाय, पुण्याच्या हवेत

पहिल्यांदा केली तेव्हा एप्रिल होता, आणि सगळी गडबड तिथेच झाली. चौथा मजला, किचनची भिंत पश्चिमेची, दुपारी ओट्यावर हात ठेवला तरी कोमट लागतो, आणि मी शहाण्याने तिथेच दोन लिटरची काचेची बरणी मांडली. काकड्या, शेपू, लसूण, मिठाचं पाणी, दिसायला एकदम झकास, फोटोबिटो काढले. चौथ्या दिवशी काकडी काढायला गेलो तर ती बोटातच दबली. वास छान होता, चवही बरी होती, पण आतमध्ये नुसता लगदा. सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "चव आलीये हो, पण ही चावायची का प्यायची?"

त्यानंतर बऱ्याच बरण्या झाल्या. काही जमल्या, दोनतीन सरळ कचऱ्यात गेल्या. एवढं मात्र कळलं की काकडी आंबट करायला फार अक्कल लागत नाही, ती आपोआप होते, मीठ पाणी घालून सोडून दिली तरी होते. डोकं लागतं ते काकडी करकरीत ठेवायला, आणि पुण्यात राहून ठेवायला तर जास्तच. त्यामुळे खाली जे काय लिहिलंय त्यातलं निम्मं त्या एका गोष्टीसाठीच आहे असं समजा.

आधी हे नक्की आहे काय ते सांगतो, कारण डिल पिकल (डिल म्हणजे आपला शेपू) म्हटलं की लोकांना बर्गरमधली ती गोल चकती आठवते. ती बहुतेक वेळा व्हिनेगरमधली असते, म्हणजे आंबटपणा बाहेरून ओतलेला. आपण करतोय त्यात आंबट काहीच घालायचं नाही. काकडीच्या सालीवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात, दह्यात असतात त्यांचेच भाऊबंद. मिठाच्या पाण्यात बुडवून हवा तोडली की बाकीचे नको ते जिवाणू मागे पडतात आणि हे माजतात, काकडीतली साखर खातात, आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून बुडबुडे येतात आणि म्हणून आंबट होतं. इडलीचं पीठ फुगतं तोच प्रकार, फक्त सावकाश आणि खारट. आपल्याकडे कोकणात कैऱ्या मिठवणीत घालून ठेवतात ना, तसंच थोडंफार, पण त्या कैरीला स्वतःचा आंबटपणा असतो आणि मीठ भरपूर असतं, त्यामुळे ती वर्षभर टिकते. ही काकडी तेवढी टिकाऊ नाही, आणि टिकवायसाठी करायचीही नाही.

मूळ प्रकार पूर्व युरोपातला. पोलंडमध्ये, युक्रेनमध्ये, रशियात घरोघरी करतात, आणि तिथल्या ज्यू लोकांनी तो न्यूयॉर्कला नेला, म्हणून अमेरिकेत लसूण घातलेल्या या काकडीला कोशर डिल म्हणतात. अर्धवट आंबलेली हिरवीगार काकडी आणि पूर्ण आंबलेली ऑलिव्ह रंगाची काकडी असे दोन पंथ तिथे आहेत, मी पहिल्या पंथातला. जाता जाता एक गोष्ट, दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती, 1943 ते 1948, हजारो बायकामुलं. कोल्हापूरला जाताना मला दरवेळी वाटतं की त्यातल्या एखाद्या बाईने बाजारातून काकडी आणि शेपूची जुडी आणून हेच केलं असेल का. शेपू दिसल्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं असणार. असो.

आता काकडी. परदेशात यासाठी बोटभर लांबीची, खडबडीत, आतून भरीव अशी घेरकिन वापरतात. गंमत म्हणजे ती भारतात पिकते, दक्षिणेत कर्नाटकाच्या बाजूला भरपूर, पण जवळजवळ सगळी बाहेर जाते, आपल्या मंडईत काही दिसत नाही. मग आपण काय घ्यायचं, तर साधी गावरान काकडी, पण कोवळी आणि लहान. वीतभर नको, हाताच्या मधल्या बोटाएवढी किंवा थोडी मोठी, जाडी अंगठ्याच्या दीडपट. फिकट हिरवी, दाबून पाहिली तर अजिबात न दबणारी. पिवळटपणा यायला लागला असेल तर आत बिया धरल्यात असं समजायचं आणि पुढे जायचं. प्लास्टिकच्या वेष्टनात मिळते ती लांब, पातळ सालीची काकडी सॅलडला उत्तम, इथे तिचा चोथा होतो, मी दोनदा करून पाहिलंय, तुम्ही करू नका.

पुण्याच्या नावाचीच एक काकडी आहे हे किती जणांना माहितीये बघा, पूना खीरा. जुना वाण, फिकट हिरवा, जून झाला की पिवळा आणि मग तपकिरी होतो. अमेरिकेतल्या बियाणं विकणाऱ्या कंपन्यांच्या यादीत तो याच नावाने असतो. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी एका कुंडीत वेल लावून पाहावा, कोवळी तोडलेली काकडी त्याच दिवशी बरणीत जाण्यासारखं सुख नाही.

कारण ताजेपणा हा पहिला मुद्दा. तोडून एक दिवस झालेली काकडी आणि तीन दिवस पोत्यात पडलेली काकडी दिसायला सारख्या असू शकतात, बरणीत गेल्यावर फरक कळतो. म्हणून सकाळी लवकर मंडईत जावं, किंवा जवळपास शेतकऱ्यांचा आठवडी बाजार भरत असेल तर तिथे, आणि सरळ विचारावं की मावशी आजची का कालची. बहुतेक जणी खरं सांगतात. मी एकदा "लोणच्याला पाहिजेत, लहान लहान निवडून द्या" म्हटलं तर मावशी म्हणाल्या "काकडीचं कुठं लोणचं असतंय" आणि दहा मिनिटं माझी शिकवणी घेतली, पण निवडून मात्र दिल्या.

घरी आणल्या की धुवायच्या, हलक्या हाताने, घासून घासून साल काढायची नाही, आपले कामाचे जिवाणू तिथेच बसलेत. मग बर्फाच्या पाण्यात दोन तास. फ्रिजमधलं गार पाणी असलं तरी चालेल पण ते मध्ये एकदा बदला. याने काकडीने गमावलेलं पाणी ती परत ओढून घेते आणि कडक होते.

नंतरची पायरी अजिबात टाळायची नाही. काकडीची दोन टोकं, एक देठाचं आणि एक फुलाचं. फुलाच्या टोकाला, जिथे वाळकं फूल चिकटलेलं असतं किंवा त्याचा वण असतो, तिथे काकडीला मऊ करणारी एन्झाइम्स असतात. ते टोक दोनतीन मिलिमीटर चकती उडवून टाका. दोन्हीकडचं कापलं तरी हरकत नाही, कुठलं कुठलं ते ओळखत बसायला नको. आणि कापलेली चकती चाखून बघा, कडू निघाली तर ती काकडी बाजूला. कडवटपणा आंबवल्याने जात नाही आणि एक कडू काकडी सगळ्या बरणीचा खार बिघडवते. टोक कापून घासून फेस काढायची आपली जुनी पद्धत आहे, ती हवं तर करा, पण चाखणं सोडू नका.

आता मीठ आणि पाणी, म्हणजे मिठवणी. इथे चमचे वापरू नका, वजनकाटा काढा. बारीक मिठाचा एक चमचा आणि खड्याच्या मिठाचा एक चमचा यांच्या वजनात बराच फरक असतो आणि तुमची बरणी त्या फरकावर उभी किंवा आडवी होते. माझं माप एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ. खूप वाटतं ना? पण लक्षात घ्या, बरणीत साधारण निम्मी काकडी आणि निम्मं पाणी असतं, आणि काकडी म्हणजे स्वतःच बहुतेक पाणी. चारपाच दिवसांत मीठ दोन्हीकडे सारखं होतं, मग शेवटी जिभेला लागतं ते अडीच टक्क्यांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत थंडी असली आणि अर्धवट आंबलेलीच खायची असली तर मी 35 ते 40 ग्रॅमवर येतो. उन्हाळ्यात 50 च्या खाली अजिबात नाही. मीठ कमी पडलं की काकडी लवकर मऊ पडते आणि नको ते जिवाणू शिरकाव करतात, फारच जास्त झालं तर आंबायलाच मागत नाही, नुसती खारट होऊन बसते.

मीठ कुठलं, तर खड्याचं साधं मीठ, किंवा सैंधव. पाकिटातलं आयोडीनचं मीठ वापरलं तर काही आभाळ कोसळत नाही, आंबतंच, फक्त त्यात मोकळं राहण्यासाठी जे घातलेलं असतं त्याने पाणी जरा गढूळ दिसतं.

पाणी उकळून पूर्ण गार करा. खडकवासल्याचं नळाचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीन जिवाणू मारायलाच घातलेलं असतं, आपले तुपले करत नाही. उकळलं की उडून जातं. सोसायटीत टँकर येत असेल किंवा बोअरचं असेल तर मी फिल्टरचं घेतो, फार जड पाण्यात आम्ल तयार व्हायला वेळ लागतो. आणि गार म्हणजे खरंच गार. कोमट पाणी ओतून काकडी अर्धी शिजवणारे लोक मी पाहिलेत, त्यात एक मी.

शेपू. अर्ध्या मराठी घरांत या भाजीवरून भांडणं झालेली आहेत, आमच्याकडे मुलगी शेपू केली की जेवणाच्या टेबलावरून उठून जाते, पण ही काकडी तीच मुलगी बरणीत हात घालून खाते, त्यामुळे शेपू आवडत नाही म्हणून हे करायचं सोडू नका. पोलंडमध्ये शेपूची फुलोऱ्यावर आलेली, बी धरू लागलेली छत्री घालतात, कारण वास सगळा तिथे. आपल्याकडे जुडी विकतात ती कोवळी, फुलोरा आला की भाजीवाले ती जून झाली म्हणून टाकून देतात. ओळखीचा भाजीवाला असेल तर सांगून ठेवा, फुकट देतो. नाही मिळाला तर कोवळ्या शेपूच्या आठदहा काड्या देठांसकट घ्या आणि जोडीला एक चमचा बाळंतशोपा. बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी, बाळंतिणीला देतात ते, मंडईच्या आसपास काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतं, मोठ्या किराणा दुकानातही असतं. दुकानदार अभिनंदन करतो, तेवढं हसून घ्यायचं. त्याऐवजी बडीशेप घालू नका, नावं जवळची असली तरी चव पार वेगळी, काकडीला पान खाल्ल्यासारखा वास येतो.

एक खरं सांगतो, आपला शेपू युरोपातल्या शेपूपेक्षा जरा उग्र असतो. तिकडच्या रेसिपीत मूठमूठ घालतात, ते पाहून मी पहिल्यांदा अख्खी जुडी कोंबली होती आणि काकडी खाल्ली की औषध घेतल्यासारखं वाटायचं. दीड लिटरच्या बरणीला आठदहा काड्या पुष्कळ झाल्या.

बाकी मसाला असा: लसणाच्या आठदहा पाकळ्या सोलून जरा ठेचलेल्या, मिरी एक चमचा, मोहरी एक चमचा, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, एक तमालपत्र. हळद नको, हिंग नको, मेथी तर नकोच. मला माहितीये हात तिकडे जातो, पण हे आपलं लोणचं नाही, याला ते घातलं की ना धड हे ना धड ते होतं. लसूण कधीकधी निळसर हिरवा पडतो, घाबरू नका, आम्लामुळे होतं, खायला काही अपाय नाही.

आणि पानं, करकरीतपणाचं दुसरं गुपित. टॅनिन, म्हणजे चहात असतं तसलं तुरट द्रव्य, असलेली पानं घातली की काकडी मऊ करणाऱ्या एन्झाइम्सचा जोर कमी होतो. तिकडे द्राक्षाची, ओकची, चेरीची पानं घालतात. आपल्याकडे जुन्नर, नारायणगावला द्राक्षं भरपूर, पण व्यापारी बागेत औषधांच्या फवारण्या असतात त्यामुळे तिथली पानं मी घेत नाही, कुणाच्या अंगणात बिनफवारणीचा वेल असेल तर जरूर घ्या. मी पेरूची घालतो, सोसायटीत झाड आहे, कोवळी नको, मध्यम जून अशी तीन पानं धुऊन तळाशी. तेही नसेल तर अर्धा चमचा साधी चहापत्ती मलमलच्या पुरचुंडीत बांधून टाका, चहाची चव येत नाही, रंग किंचित येतो.

भांडं काचेचं किंवा चिनी मातीची बरणी. जुनी बरणी आतून तडकलेली, चरे गेलेली नको. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांच्या जवळपासही जायचं नाही, आम्ल आहे. बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करा, लोणच्याच्या वेळी करतो तसं, फक्त इथे ओल्या हाताची एवढी भीती नाही, सगळं पाण्यातच आहे. आमच्या सासूबाईंना मात्र हे अजून पटलेलं नाही.

भरायचं कसं, दीड लिटरच्या बरणीला साधारण 700-800 ग्रॅम काकडी आणि 700 मिली मिठवणी. तळाला पानं, निम्मा शेपू, निम्मा मसाला. त्यावर काकड्या उभ्या, एकमेकींना खेटून, सहाआसनी रिक्षात माणसं बसवायचे तशा, सुटी जागा राहिली की त्या वर तरंगतात. मग उरलेला मसाला आणि शेपू, आणि वरून मिठवणी, काकड्या बुडून वर बोटभर येईल एवढी. बरणीच्या गळ्यापाशी दोन इंच जागा रिकामी सोडा, पुढे फेसाळून वर येतं.

आता वजन ठेवायचं, कारण बुडालेली काकडी आंबते आणि वर डोकावणारी काकडी बुरशी धरते, यात मधलं काही नाही. बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी काचेची छोटी वाटी मिळाली तर उत्तम, बोहरी आळीत हिंडलात तर नक्की मिळेल, आणि बरणीपण तिथेच घ्या. नाहीतर झिपची पिशवी घ्या, तिच्यात मिठवणीच भरा आणि ती वर बसवा. साधं पाणी नको, फुटली तर सगळं पातळ होईल. दगड ठेवणारेही आहेत, ठेवा, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड बेसाल्टचा, आम्लाला फारसा दाद देत नाही, पण त्यात पांढरे ठिपके किंवा पोकळ्या नसाव्यात आणि वीस मिनिटं उकळून घ्यावा. संगमरवराचा तुकडा किंवा चुनखडीचा दगड चुकूनही नको, तो आम्लात विरघळतो आणि आंबटपणाच मारून टाकतो.

झाकण सैल. घट्ट लावलं तर वायू कोंडतो आणि उघडताना कारंजं उडतं, छतापर्यंत, हे मी अंदाजाने बोलत नाहीये. मी पातळ फडकं ठेवतो, आजीच्या भाषेत दादरा बांधतो, आणि त्यावर झाकण नुसतं टेकवतो. बरणीखाली ताटली ठेवा, पाणी सांडणारच.

ठेवायची कुठे, इथे पुण्याचा प्रश्न येतो. या काकडीला आवडतं ते तापमान 18 ते 22 अंश. म्हणजे डिसेंबर, जानेवारी, थोडाफार फेब्रुवारी. त्या दिवसांत किचनच्या कोपऱ्यात, उन्हापासून लांब ठेवली की आपली आपण होते, पाच दिवसांत अर्धवट, दहाबारा दिवसांत पूर्ण. पावसाळ्यातही बरी होते, चार ते सात दिवस, पण तेव्हा बुरशीवर नजर ठेवा. एप्रिल-मे म्हणजे कसरत. बाहेर 38-40 असतं, घरात तिसाच्या वर, दोन-अडीच दिवसांत आंबून मोकळी होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मऊ पडायला लागते. तरी करायचीच असेल तर माठाची युक्ती वापरा: परातीत दोनतीन इंच पाणी, त्यात बरणी, बरणीभोवती ओलं सुती कापड, त्याचं टोक परातीतल्या पाण्यात बुडलेलं, आणि हे सगळं वारा लागेल अशा सावलीत. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्याने पाणी उडतं आणि बरणी चारपाच अंश तरी गार राहते. पावसाळ्यात हवा दमट असते त्यामुळे ही युक्ती तेव्हा चालत नाही. आणि उन्हाळ्यात दीड-दोन दिवस बाहेर ठेवून, बुडबुडे जोरात असतानाच फ्रिजमध्ये टाकायची, उरलेलं ती तिथे आठवडाभरात सावकाश करते. माझ्या मते हीच उन्हाळ्यातली एकमेव शहाणपणाची पद्धत.

रोज काय बघायचं. पहिल्या दिवशी काहीच होत नाही, लोक घाबरून मीठ वाढवतात, वाढवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक बुडबुडे, बरणीवर टिचकी मारली की वर येतात. मग पाणी ढगाळ होतं, तळाशी पांढरा साका बसतो. हे सगळं चांगलं लक्षण आहे, स्वच्छ पारदर्शक पाणी राहिलं तर उलट काळजी करा. काकडीचा भडक हिरवा रंग उतरत ऑलिव्हकडे जातो. वास आंबट, लसणाचा, शेपूचा, तोंडाला पाणी सुटेल असा. तिसऱ्या दिवसापासून रोज एक काकडी काढून अर्धी चाखा, चमचा किंवा चिमटा स्वच्छ आणि उष्टा नको. आत अजून पांढरा कच्चा गाभा दिसतो का ते बघा. कडेला अर्धपारदर्शक आणि मधे पांढरी, ही माझी आवडती अवस्था, त्याच दिवशी फ्रिजमध्ये. सगळी एकसारखी अर्धपारदर्शक झाली की पूर्ण आंबली.

पाण्यावर पातळ पांढरी साय धरते कधीकधी, सपाट, सुरकुतलेली. ती एक प्रकारची यीस्ट, अपायकारक नाही, पण ठेवली तर वास बिघडवते, चमच्याने काढून टाका आणि वजन नीट बसलंय का पाहा. केसाळ, लव आलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी अशी काही वाढ दिसली तर मात्र अख्खी बरणी टाकायची, वरचं काढून खालचं खाऊ असं करू नका. काकडी बुळबुळीत, चिकट, किंवा वास आंबट न येता सडका येतोय तरी तेच. आम्लता मोजणाऱ्या, लिटमससारख्या पीएच पट्ट्या ऑनलाइन मिळतात, पहिल्या दोनतीन बरण्यांना जरूर वापरा. 4.6 च्या खाली आलं की बोट्युलिझमची, म्हणजे त्या जीवघेण्या अन्नविषबाधेची, भीती राहत नाही, नीट आंबलेली काकडी 4 च्याही खाली जाते. पट्टी बघितली की मनाला स्वस्थता येते, नंतर जीभच सांगते.

काकडी आतून पोकळ निघाली तर दोष तुमचा नाही, ती शेतातूनच तशी आली किंवा शिळी होती. धुताना पाण्यात जी काकडी तरंगून गोल फिरते ती बहुतेक पोकळ, ती कोशिंबिरीला.

फ्रिजमध्ये खारासकट ठेवायची, बुडालेलीच. दोन महिने आरामात, हळूहळू आंबट होत जाते. आमच्याकडे एवढे दिवस उरत नाही. मीठ आहे हे लक्षात ठेवा, ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी वाटीभर खाऊ नये, एक-दोन फोडी पुरे.

खायची कशाबरोबर, तर सँडविचमध्ये घालतातच, पण मला ती थालीपीठाबरोबर जास्त आवडते, लोण्याच्या गोळ्याशेजारी. मुगाच्या खिचडीबरोबर तर विचारू नका. बारीक चिरून उकडलेल्या बटाट्यात, दह्यात, वर थोडं मोहरीचं कूट. आणि उरलेला खार फेकू नका, ताकात दोन चमचे घाला आणि मग ताकात मीठ घालू नका. पोलंडमध्ये या काकडीचं बटाटा घालून सूप करतात, काकडी किसून खारासकट शेवटी घालायची, पावसाळ्यात मी करतो, घरच्यांनी त्याचं नाव आंबट आमटी ठेवलंय.

एकदा हात बसला की तोंडल्याची करून पाहा. लहान, कोवळी, आतून पांढरी तोंडली, लाल पडलेली एकही नको. दोन्ही टोकं उडवायची आणि सुईने किंवा काट्याने चारपाच ठिकाणी टोचायची, नाहीतर साल एवढी गुळगुळीत असते की खार आत जायला महिना लागेल. बाकी माप तेच, 50 ग्रॅमची मिठवणी, दिवस काकडीपेक्षा दोनतीन जास्त. आणि खरं सांगू का, तोंडली उन्हाळ्यातसुद्धा मऊ पडत नाहीत. एप्रिलात पुण्यात बसून करकरीत काहीतरी खायचं असेल तर काकडीच्या मागे लागण्यापेक्षा हे सोपं.

सासूबाई हल्ली सांगलीला परत जाताना तोंडल्याचीच बरणी मागतात. एसटीत न्यायची असेल तर आदल्या दिवशी बरणी फ्रिजमध्ये पूर्ण गार करा, खार गळ्याच्या दोन बोटं खाली आणा, झाकणाखाली प्लास्टिक लावून घट्ट करा आणि पोचल्या पोचल्या आधी झाकण सैल करायला सांगा, चहा नंतर.